बाबांची पंचवीस मिनिटं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. रोज फोन होतोच, पण हे सांगायचं राहून जातं, कारण बाबा मला मध्ये बोलू देतात कुठे!

परवा कपाट आवरताना ऑफिसच्या जुन्या चपला सापडल्या. टाचा एका बाजूने पार झिजलेल्या. २०२० च्या आधीची मी आठवले. रोजचे तीन तास प्रवासात, रात्री एकपर्यंत डोळ्यांपुढे मोबाइल. तुमचा फोन आला की 'नंतर करते', आणि ते 'नंतर' रविवारी उगवायचं.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि पाठोपाठ आमचं ऑफिस घरात येऊन बसलं. आई, तेव्हा 'मजेत आहे' म्हणायचे ते खोटं होतं. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून पाठ आखडली होती, झोप तर उडालीच होती. तुमची काळजी वाटायची म्हणून रोज संध्याकाळी फोन करायला लागले. बाबा एकदा सुरू झाले की पंचवीस मिनिटं बघायला नको. तेवढा वेळ बसवेना, म्हणून फोन कानाला लावून येरझाऱ्या घालायचे. दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं, वळायचं, पुन्हा अकरा. बंधनं उठल्यावर तेच चालणं रस्त्यावर गेलं. पाठ कधी दुखायची थांबली, कळलंही नाही.

त्याच वर्षी संघटनेने व्यायामाचे नवे निकष काढले. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल न लागेल इतपत हालचाल हवी म्हणे. बाबांची पंचवीस गुणिले सात, झाली १७५!

झोपेचंही तसंच. मोबाइल आता रात्री बाहेरच्या खोलीत असतो आणि सकाळी उठल्या उठल्या मी खिडकीत उजेडात उभी राहते. शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं, तसं ते लागलं. साडेदहाला डोळे मिटतात. आई, हसू नकोस. तू वीस वर्षं हेच सांगत होतीस, मला त्यासाठी अख्खं जग बंद पडावं लागलं.

हे लिहिताना अवघडल्यासारखं होतं. त्याच दिवसांत मामा गेला, शेवटचं बघताही आलं नाही. म्हणून 'साथीने माझं भलं केलं' असं चारचौघांत म्हणत नाही. तुम्हालाच सांगतेय.

आता पुन्हा आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं, पण संध्याकाळचा फोन मी सोडलेला नाही.

आणि बाबा, त्या निकषांत ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही सांगितलेत. आई शेजारी असताना भक्कम खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभे राहा. आकडे मी फोनवरून मोजेन. फक्त तेवढा वेळ तुम्हाला गप्प राहावं लागेल. जमेल का, ते आईला विचारून ठेवा.

तुमची,
धाकटी