मराठीच्या तासाला फॉरवर्ड वाचायला काय हरकत आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांमधल्या डिजिटल साक्षरतेची चर्चा संगणक किती आले आणि नेट चालतं का, इथेच अडकते. भाषा शिकवणाऱ्यांना काय वाटतं ते कुणी विचारत नाही. मी गुहागर तालुक्यात आठवी ते दहावीला मराठी शिकवते. आमच्या स्टाफरूमचं मत सरळ आहे: ते कॉम्प्युटरच्या सरांचं काम, आपण व्याकरण-निबंध बघावेत.

याला आळस म्हणून मोकळं होऊ नये. आमच्या वाट्याला 'डिजिटल' म्हणून आलं ते यू-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, 'सरल' या शासनाच्या ऑनलाइन प्रणालीतल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि 'आजच भरा' म्हणून येणाऱ्या लिंका. तेही जिन्यात जिथे रेंज येते तिथे उभं राहून. २०१७ पासून दीक्षा हे अभ्यासाचं सरकारी ॲप आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. पण मी केलेल्या प्रशिक्षणांत सगळा वेळ लॉगिन आणि प्रमाणपत्र डाउनलोड करण्यातच गेला. वीट येणारच.

आणि तरीही, मोबाइलवर आलेला मजकूर पारखायला भाषेच्या शिक्षकानेच शिकवायला हवं, असं मला वाटतं. मागे नववीच्या वर्गात मी वादळाचा एक फिरता मेसेज आणि हवामान खात्याचा इशारा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिला. आमच्याकडे बऱ्याच मुलांच्या घरचं कुणी ना कुणी बोटीवर असतं, त्यामुळे विषय परका नव्हता. इशाऱ्यात तारीख, वेळ, वारा ताशी किती किलोमीटर, कोणता जिल्हा. मेसेजमध्ये 'उद्या रात्री', पण तो कुठल्या तारखेचा उद्या याचा पत्ता नाही. सांगणारा कोण? 'सूत्र'. आणि खाली 'सर्वांना पाठवा'. हे सगळं मुलांनीच शोधलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, बातमीलेखनाला तुम्ही हेच विचारायला सांगता ना?" हेच सांगते. मोबाइल कुणाच्याही हातात नव्हता, खडू पुरला.

गंमत म्हणजे २०१८ च्या पुस्तकापासून दहावीचं पत्र ई-मेलच्या प्रारूपात आहे. मुलं तो ई-मेल पेनने, समास आखून लिहितात. देवनागरीत टाइप करणं कुणी शिकवत नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर त्यांची मराठी रोमन लिपीत. प्रश्नपत्रिका आम्हीही डीटीपीवाल्याकडूनच करून आणतो. ती जुन्या फॉन्टमधली फाइल मोबाइलवर उघडली की अक्षर लागत नाही.

मंडळाला एक सुचवते. दहावीच्या पेपरात अपठित गद्याचा चार गुणांचा उतारा असतो. एखाद्या वर्षी तिथे असा फॉरवर्ड छापा आणि विचारा, यावर विश्वास ठेवाल का, कारणे लिहा. स्टाफरूममधला विरोध पुढच्या जूनपर्यंतही टिकणार नाही. पेपरात गुण असले की आम्ही काहीही शिकवतो.

आपली,
एक मराठी शिक्षिका
ता. गुहागर, जि. रत्नागिरी