चाचा, तुमचा ट्रे अजून माझ्याकडेच आहे

चाचा, सलाम.

तुम्ही पैसे घेतले असते तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. कच्च्या खारीचे, बेकरीच्या भट्टीचे आणि तुमच्या मोडलेल्या दुपारच्या झोपेचे मिळून किती झाले असं विचारलं, तर तुम्ही हात झटकून गल्ल्याकडे पाठ केलीत. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. तुमचा नातू वाचून दाखवेलच.

मी ती कांदेवाली. पातूरकडून एसटीने आलेली, मांडीवर स्टीलचा डबा घेतलेली.

मूळ दुखणं कांद्याचं. यंदा वावरात पांढरा कांदा होता, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं ‘अकोला सफेद’. एप्रिलमध्ये काढला तेव्हा गाडीभाडं निघेल एवढाही भाव नव्हता, म्हणून कांदाचाळीत भरला. मग काय, रोज कांदा. झुणका झाला, भजी झाली, थालीपीठं झाली, घरातली माणसं ताट पाहून उसासे टाकू लागली. तेव्हा नववीतल्या पोरीने मोबाइलवर एक फोटो दाखवला. पफ पेस्ट्रीचा चौकोन, त्यावर तांबूस कांदा, वर वितळलेलं चीज. कांद्याचा टार्ट. फ्रान्सच्या आल्सास भागात हा प्रकार जुना आहे म्हणे. "आई, सोपं आहे," असं ती म्हणाली. नववीतल्या पोरींना सगळंच सोपं असतं.

पहिला प्रयत्न मेमध्ये, बाहेर 44 अंश. मैद्याच्या पोळीत लोणी ठेवून घडी घातली, लाटायला घेतलं आणि लोणी चारही बाजूंनी ओट्यावर पसरलं. ओव्हनमधून निघाली ती तुपात बुडालेली जाड दशमी. दुसऱ्या वेळी पावसाळ्यात घडी बरी जमली, टार्ट फुगायलाही लागला होता, तर लाईन गेली. वीस मिनिटांनी आली तोवर तो बसला होता, आणि एकदा बसलेला पुन्हा उठत नाही.

मग पोरच म्हणाली, "पफ पेस्ट्री म्हणजे आपली खारीच ना?" इतकी वर्षं चहात बुडवून खातो आहोत, पण डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतर तुमच्या दारात आले ती कच्ची खारी मागायला. तुम्ही आधी हसलात. मग डबा उघडून माझा घरचा नमुना पाहिलात, त्यात बोट दाबलंत आणि बोटाला लागलेलं लोणी मला दाखवलंत. "बाई, लोनी गरम झालं त कायची घडी? कनीक मळून राह्यल्या तुमी." त्या एका वाक्यात माझे सहा महिने आले. तुम्ही मार्जरीन वापरता ते नुसतं स्वस्त म्हणून नाही, ते आपल्याकडच्या गरमीत लोण्यापेक्षा उशिरा वितळतं म्हणून, हेही तेव्हाच कळलं. मैद्याचा पापुद्रा आणि चरबीचा पापुद्रा वेगवेगळे राहिले तरच भट्टीत पाण्याची वाफ त्यांना उचलते. एकमेकांत मिसळले की वाफेला उचलायला काही उरतच नाही.

पोरीने तुम्हाला सांगितलं होतं, तीन पदरी घडी सहा वेळा घातली की चरबीचे 729 थर होतात. तुम्ही म्हणालात, "मोजले कोनं?" आणि घडी घालून, ओलं फडकं झाकून पीठ बाजूला ठेवलंत. आम्ही अर्धा तास नुसते बसून. पीठ दमतं, त्याला निजू द्यावं लागतं, असं तुमचं म्हणणं. लाटताना ते मागे ओढलं जात होतं ते मी पाहिलं होतं. उठल्यावर मात्र निमूट पसरलं.

कांदा मी घरून शिजवून आणला होता, आणि त्याबद्दल मात्र थोडा भाव खाऊन घेते. एक किलो उभा चिरलेला, मंद आचेवर पाऊण तास. कांद्यात बहुतेक पाणीच. कढईभर टाकला, वाटीभर राहिला. लोक लवकर रंग यावा म्हणून साखर घालतात. मी घालत नाही. कांद्याची स्वतःची गोडी यायला वेळ लागतो, तो द्यावा. मूळ कृतीत थाईम नावाचा पाला असतो, तो इकडे कुठला मिळायला! मी ओवा टाकला. दोघांतही थायमॉल असतं, त्यामुळे वास एकाच घराण्यातला येतो. मीठ बेतानं, कारण चीजचे क्यूब आधीच खारट.

पण तो कांदा कोमट होता. तुम्ही डब्याला हात लावलात आणि पंख्याखाली ठेवून दिलात, एक शब्द न बोलता.

त्यानंतरचं मी घरी वहीत लिहून ठेवलं आहे. सुरी धारदार हवी आणि वरून खाली एका दाबात चालवायची. ओढली की कडेचे थर चिकटतात आणि तिथे फुगत नाही. कडेपासून बोटभर आत हलकी चीर, आरपार नाही, आणि आतल्या भागाला काट्याने टोचे, म्हणजे चौकट उठते आणि मधला भाग खाली राहतो. वर दुधाचा हात, पण कापलेल्या कडेवर ओघळू द्यायचा नाही. आणि कांद्याखाली मोडक्या खारीचा चुरा! ही तुमची खास. रस चुऱ्याने पिला, बूड कोरडं राहिलं. मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत हे नव्हतं.

पावाच्या लाद्या निघाल्या होत्या. तुम्ही भट्टीच्या फरशीवर चिमूटभर मैदा टाकलात, तो किती वेळात तांबूस होतो ते पाहिलंत, आणि म्हणालात, "थांबा." पुन्हा टाकलात. मग ट्रे आत. पंचवीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा कड चार बोटं उभी होती, आणि सुरी लावली तर असा आवाज आला की बाहेर पाव घ्यायला आलेल्या बाईने मान आत घातली.

तुम्ही एक तुकडा खाल्लात. बराच वेळ चावलात. "कांदा चांगला हाये. पन खारीवर कायले टाकला?"

घरी त्याच ट्रेमध्ये उरलेला टार्ट नेला. सासऱ्यांनी दोन तुकडे घेतले आणि वर चहा मागितला, खारी म्हटल्यावर चहा हवाच.

गुरुवारी बाजाराला येते आहे. ट्रे घासून ठेवला आहे. सोबत अर्धं पोतं पांढरे कांदे, एकेक निवडून भरलेत, कोंब आलेला एकही नाही. त्याचे पैसे काढायला गेलात तर मीही गल्ल्याकडे पाठ करीन.

तुमची,
कांदेवाली