घड्याळ वाजल्यावर येणार कोण? अपंग सबलीकरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदया,
महिला व बालविकास, अपंग व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खाते,
कर्नाटक शासन

विषय: अपंगांना सरकारी खर्चाने सुरक्षा घड्याळ देणे, आणि ते कुठलं घ्यायचं हे त्यांना स्वतःला ठरवू देणे.

सप्रेम नमस्कार.

आपण बेळगाव ग्रामीणच्या आमदार, तेव्हा आमची मराठी आपल्याला नवी नाही. घटनेच्या 350 व्या कलमाने राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायची मुभा दिली आहे. ती घेऊन हे लिहितोय.

खानापुरात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. एक पाय लहानपणीच पोलिओत गेला, कॅलिपर लावून काउंटरमागे बसतो. त्यामुळे तालुक्यातले अपंग लोक माझ्याकडे दोन कामांनी येतात: फोन दाखवायला, आणि सर्टिफिकेट, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र), पेन्शन यातलं काही अडलं तर विचारायला. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "माणूस पडला की आपोआप फोन लागतो म्हणे, तसलं घड्याळ सरकार देतंय काय ओ?"

माझं उत्तर ठरलेलं: माझ्या माहितीत तरी कुठल्या यादीत ते नाही. अपंगांना साधनं पुरवणारी केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे. महिन्याचं उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, 30,000 पर्यंत निम्म्या खर्चात. तीतून दृष्टिहीनांना स्मार्टफोन आणि स्मार्ट काठी मिळते. आपल्या खात्यातून बाजूला चाकं लावलेली स्कूटर मिळते, बोलणारा लॅपटॉप मिळतो, शिलाई मशीन मिळतं. तीच स्कूटर घेऊन जांबोटीच्या रस्त्यावर एकटा जाणारा माणूस घसरून पडला, तर त्याच्या मनगटावर हाक मारायला काहीतरी असावं, ही मागणी फार मोठी नाही. 2016 च्या अपंग हक्क कायद्याच्या 24 व्या कलमात उत्पन्नाची मर्यादा ठरवून साधनं मोफत देण्याची तरतूद आहेच.

पण "घड्याळ द्या" एवढंच लिहून मी थांबलो तर पुढं काय होईल ते मला माहीत आहे. टेंडर निघेल, एकाच मॉडेलचे हजारो पीस येतील, शिबिरात मंडप पडेल, फोटो होतील. आणि दोन महिन्यांत त्यातले निम्मे पीस माझ्या काउंटरवर येतील, "बघा की, ह्यातनं फोनच लागंना" म्हणत.

याचा नमुना रोज बघतो. मागे एक माउली आली. मुलगा पंचविशीतला, सेरेब्रल पाल्सी, घरात एकटा असतो. तिने बाजारातून दोन हजारांच्या आतलं घड्याळ घेतलं होतं. खोक्यावर ठळक अक्षरांत "कॉलिंग". पाठीमागचं झाकण दाखवून मी विचारलं, सिम कुठं घालायचं? ती म्हणाली, "कॉलिंग लिवलंय की ओ खोक्यावर!" लिहिलंय, पण ते ब्लूटूथ कॉलिंग. फोन जवळ असला तरच घड्याळातून बोलता येतं, आणि जवळ म्हणजे साधारण तीस फूट, मध्ये भिंती आल्या की तेवढंही नाही. फोन माजघरात फळीवर आणि मुलगा परसातल्या मोरीत पडला, तर ते घड्याळ फक्त वेळ सांगणार. जीपीएसचंही तसंच: स्वस्त घड्याळांपैकी बऱ्याच ठिकाणी ते फोनचंच उसनं घेतलेलं असतं. ऑक्सिजन आणि बीपीचे आकडे मात्र पडद्यावर अगदी झोकात नाचतात. त्यांच्यावर कुणी औषध ठरवू नये.

तेव्हा पहिली गोष्ट, सरकारने खर्च करायचा तो स्वतःचं सिम किंवा ई-सिम असलेल्या, स्वतःचं जीपीएस असलेल्या घड्याळावर. आणि सिमवाल्यांतही बघून. काही स्वस्त जीपीएस घड्याळं अजून 2जी वर चालतात, त्यात जिओचं कार्ड घालून उपयोग नाही, कारण जिओला 2जी नाहीच. 4जी घड्याळात व्होल्टी, म्हणजे 4जी वरूनच आवाजी फोन लावायची सोय, नसेल तर नेट दिसतं पण आवाजी फोन लागत नाही. हे शहरातल्या ग्राहकाला दुकानदार सांगतो. घाटाजवळच्या कणकुंबीच्या माणसाला टेंडरमधून कोण सांगणार?

आता आमच्या भागाबद्दल. खानापूरच्या पश्चिमेला भीमगडचं अभयारण्य, कणकुंबी, चोर्ल्याचा घाट. पावसाळ्यात वीज गेली की किती वेळ जाईल सांगता येत नाही, आणि टॉवरची बॅटरी संपली की फोनवरच्या काड्याही जातात. एका दिवसात उतरणारं घड्याळ तिथं दुसऱ्या दिवशी नुसता पट्टा. वाडीवर एकाच कंपनीची रेंज असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम घालून दिलेलं घड्याळ फुकटसुद्धा महाग. शिवाय आम्ही सीमेवरचे लोक. आमच्या फोनला कधी गोव्याचा टॉवर सापडतो, कधी महाराष्ट्रातल्या चंदगडचा. अशा वेळी 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर दाबल्यावर हाक कुठल्या राज्याच्या कक्षात जाते, तिथून खानापूर पोलिसांना किती मिनिटांत कळतं, आणि घाबरलेली म्हातारी मराठीत बोलली तर पलीकडच्याला समजतं का, याची चाचणी आपल्या अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष घाटात उभं राहून घ्यावी.

मला खरं म्हणायचंय ते इथंच आहे. घड्याळ निवडायची सुरुवात घड्याळापासून करायची नसते. ते वाजल्यावर कोण येणार, हे आधी ठरवायचं आणि मग त्याला जुळेल ते घड्याळ घ्यायचं. आमच्याकडची निम्मी तरणी पोरं गोव्यात, पुण्यात, नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात शिफ्टला. आई अंगणात पडली आणि घड्याळाने पणजीत पोराला फोन लावला, तर तो बिचारा काय करणार? शेजाऱ्याला फोन. मग शेजाऱ्याचाच नंबर पहिला का नको? प्रत्येक अर्जासोबत तीन नावं घ्या: हाकेच्या अंतरावरचा एक, गाडी असलेला एक, आणि घरचा एक. त्या तिघांना एकदा बसवून घड्याळ वाजवून दाखवा. कागदावर सही घेण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

ग्रामपंचायतीत आपले व्हीआरडब्ल्यू आहेत, तालुक्याला एमआरडब्ल्यू आहेत, म्हणजे अपंगांसाठी काम करणारे मानधनावरचे पुनर्वसन कार्यकर्ते. कुणाच्या घरात कोण अपंग, हे त्यांना तोंडपाठ असतं. तीन नावं जुळवण्याचं काम त्यांनाच जमेल. मात्र रात्रीबेरात्री धावण्याची ड्युटी आहे त्याच मानधनात त्यांच्या गळ्यात बांधू नका. त्यातले बरेचजण स्वतः अपंग आहेत.

आणि एकच घड्याळ सगळ्यांना का चालत नाही, तेही सांगतो. पडल्याचं ओळखणारी घड्याळं हाताला बसलेला झटका आणि त्यानंतरची स्तब्धता बघतात. मोठ्या कंपन्यांच्या घड्याळात त्यानंतर मिनिटभर हालचाल नसेल तर फोन लागतो. धडकन पडणाऱ्याला हे ठीक. पण व्हीलचेअरवरून हळूहळू घसरत खाली येणारा माणूस त्यांना पडलेला वाटतच नाही. उलट चाकाला जोरात हात मारणाऱ्याच्या मनगटावर ती विनाकारण ओरडू शकतात, आणि चारदा खोटी हाक गेली की पाचव्या वेळी शेजारी उठत नाही. त्याला बटणच हवं, मोठं, ठसठशीत. ज्याचे हात थरथरतात त्याला तीन सेकंद दाबून धरायचं बटण नको. ज्याचा एकच हात चालतो त्याला बकलाचा पट्टा नको, ताणून चढवायचा किंवा चिकटपट्टीचा हवा. आणि चार्जर असा हवा की घड्याळ नुसतं ठेवलं की चिकटतं. पिनेचे टोक जुळवत बसणं त्याला जमत नाही. ठार बहिऱ्या माणसाला आवाजी फोन लावून देणारं घड्याळ म्हणजे थट्टाच; त्याला मनगटावर थरथर आणि ठिकाणासकट जाणारा मेसेज हवा. दृष्टिहीनाला पडदा बोलणारा हवा, आणि शक्य असेल तर त्याच्या भाषेत. वाट चुकणाऱ्या मतिमंद मुलाला यातलं काहीच नको, त्याला ठरलेल्या हद्दीबाहेर गेल्यावर आईला कळवणारं साधं जीपीएस घड्याळ पुरतं, मुलांसाठी विकतात तसलं.

टेंडरच्या एका ओळीत हे कसं बसवणार? बसत नाही. म्हणून माझं म्हणणं, खात्याने वस्तू वाटू नयेत. घड्याळात किमान काय असलंच पाहिजे ते ठरवावं, किमतीची मर्यादा ठरवावी, चार-सहा मॉडेलं मान्य करावीत आणि निवड अर्जदाराकडे सोडावी. तालुक्याच्या ठिकाणी ती मॉडेलं हाताळायला ठेवावीत, आठवडाभर घरी नेऊन वापरू द्यावीत. रेंज येते का, पट्टा घालता येतो का, रात्री टोचतं का, हे घरी गेल्यावरच कळतं.

बाहेर हे कसं चालतं ते मी वाचलं. ऑस्ट्रेलियात 2013 पासून अपंगांसाठी एनडीआयएस नावाची योजना आहे. तिथं पैसा माणसाच्या नावावर मंजूर होतो, वस्तूच्या नावावर नाही. 1,500 डॉलरपर्यंतचं साधन कमी खर्चाचं मानतात आणि त्याला कागदपत्रांचा फार घोळ घालत नाहीत. पण डोळे मिटून उचलण्यासारखं तिथंही सगळं नाही. ऑक्टोबर 2024 पासून त्यांनी याद्या पक्क्या केल्या, आणि स्मार्टवॉच ही सर्वसामान्यांच्या रोजच्या वापरातली वस्तू म्हणून सरळ मिळेनाशी झाली; आधी मंजूर झालेल्या दुसऱ्या मदतीच्या जागी, परवानगी काढून, तेवढी घेता येते. तिजोरी त्यांची आपल्यापेक्षा मोठी, तरी प्रश्न आपल्याकडचाच: ही चैन की गरज? माझ्या मते घड्याळाकडे बघून याचं उत्तर मिळत नाही. तेच घड्याळ माझ्या भाच्याच्या हातात चैन आहे आणि त्या माउलीच्या पोराच्या हातात गरज. अर्जात "हे नसल्याने तुमचं काय अडतं?" असा एक रकाना ठेवा आणि तो वाचणारा माणूस नेमा.

पैशाचं थोडं बोलतो. एडिपमध्ये तेच साधन पुन्हा मिळायला साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. लोखंडी तिचाकीला तो नियम शोभतो. घड्याळाची बॅटरी रोज चार्ज केली तर दोन वर्षांत दम तोडते, आणि छोट्या घड्याळांची बॅटरी बदलणं म्हणजे काच उखडून पुन्हा चिकटवणं. एकदा उघडलं की पाणी न शिरण्याची खात्री गेली. मोरीत घालायच्या घड्याळाची तीच तर खरी गरज. तेव्हा घड्याळ बदलून देण्याचा नियम वेगळा करा आणि सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात असलेलीच कंपनी निवडा. हुबळीला पाठवून महिनाभर वाट बघायची असेल तर तो महिना तो माणूस काय करणार? सिमच्या रिचार्जचा खर्च पंचायतीच्या अपंगांसाठी राखीव पाच टक्के निधीतून करता येईल. रिचार्ज संपल्याने बंद पडलेली घड्याळं मी आत्ताच बघतोय. आणि व्हीलचेअरवर जीएसटी 5 टक्के, स्मार्टवॉचवर 18. तो विषय दिल्लीचा आहे, पण जीएसटी परिषदेत कर्नाटकालाही खुर्ची आहे.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, पण टाळता येणार नाही. हे घड्याळ माणूस कुठं आहे ते सतत दुसऱ्याला सांगतं. लहान मुलाच्या बाबतीत ठीक. पण नांदायला गेलेली अपंग मुलगी माहेरी गेली, बँकेत गेली, कुणा मैत्रिणीकडे गेली, हे सगळं सासरच्या फोनवर दिसायचं का? कुणाला कधी दिसावं हे तिने ठरवायचं, आणि बंद करायचं बटण तिच्या हातात असायला हवं. अपंग हक्क कायदा आम्हाला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता देतो, आणि 2023 मध्ये वैयक्तिक डेटाचाही कायदा झाला आहे. घड्याळाचं ॲप लावून देताना घरचे पुढं सरसावतात, "आमच्या फोनवर घाला" म्हणून. मी तरी आधी वापरणाऱ्याला विचारतो. आपल्या शिबिरात हे कोण विचारेल?

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाला आपण बेळगावच्या सुवर्णसौधला असालच. तिथून खानापूर फार लांब नाही. माझ्या दुकानात सिमवाली, बिनसिमची, बटणाची, पडल्यावर वाजणारी अशी वेगवेगळी घड्याळं आहेत, आणि ती वापरून बघायला तयार असलेले लोकही आहेत. एक दिवस वेळ काढा. खात्याचे संचालक आणि 112 चे अधिकारी बरोबर असतील तर सरळ कणकुंबीपर्यंत जाऊ आणि तिथूनच बटण दाबून बघू. तारीख कळवलीत तर माणसं जमवायचं काम माझं.

कळावे,

आपला,
एक मोबाईल दुरुस्तीवाला
खानापूर, जि. बेळगाव