वायरस्ट्रास चाळिशीत सापडला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत परत तेच वाचलं, गणितात जे काय करायचं ते पंचविशीच्या आत, नंतर नुसती मास्तरकी. मी स्वतः २६ वर्षं मास्तरकीच केली म्हणून जरा झोंबलं.

जर्मन गणिती कार्ल वायरस्ट्रासचं काय मग? जन्म १८१५. वडिलांनी बॉनच्या विद्यापीठात कायदा आणि अर्थकारण शिकायला पाठवला, पोरगं सरकारी नोकरीत चिकटावं म्हणून, आणि हा चार वर्षं तलवारबाजी आणि बिअर करून डिग्री न घेताच घरी. मग म्युन्स्टरला जाऊन शिक्षकाची परीक्षा दिली आणि पुढची बारा-तेरा वर्षं लहान गावांतल्या शाळांत काढली. गणिताबरोबर भूगोल, जिम्नॅस्टिक्स आणि चक्क सुलेखन शिकवायचा! (इलेक्शन ड्युटी तेवढी राहिली.) संशोधन रात्री. एक पेपर तर शाळेच्या वार्षिक अहवालात छापला, तिथे तो कोण वाचणार? १८५४ मध्ये आबेलियन फंक्शन्सवरचा (फंक्शन्सचाच एक अवघड प्रकार) पेपर क्रेलेच्या जर्नलमध्ये, म्हणजे गणितातल्या एका नावाजलेल्या जर्मन नियतकालिकात, आला तेव्हा कुठे लोक हडबडले, कोनिग्जबर्ग विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली आणि १८५६ ला साहेब बर्लिनला शिकवायला. वय चाळीस!

आणि त्याचं मोठं काम त्यानंतरचंच. बीएस्सीच्या पोरांच्या पोटात गोळा आणणारं एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर व्याख्या, आज शिकवतात त्या रूपात त्याच्याच वर्गातून पसरलं, बरंचसं तर विद्यार्थ्यांनी उतरवलेल्या वह्यांमधून कारण स्वतः छापायचा आळस. १८७२ मध्ये त्याने असा वक्र दाखवला की कुठेही तुटत नाही पण एकाही बिंदूला स्पर्शिका काढता येत नाही. मी फळ्यावर काढायला जायचो, खडूने एक कोपरा, त्यावर बारके कोपरे, त्यावर आणखी बारके, शेवटी खडूच जाड पडायचा आणि पोरं हसायची.

१८६१ ला तब्येत कोसळली, नंतर तो खुर्चीत बसून बोलायचा आणि फळ्यावर एखादा विद्यार्थी लिहायचा. तरी १८७० मध्ये रशियन गणिती सोफिया कोवालेव्स्काया शिकायला आली आणि बाई म्हणून बर्लिन विद्यापीठाने तिला वर्गात बसू दिलं नाही तेव्हा यानेच तिला चार वर्षं घरी शिकवलं. १८७४ ला तिला ग्योटिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. ती १८९१ ला वारली, तेव्हा म्हाताऱ्याने तिची सगळी पत्रं जाळून टाकली.

तर पुढच्या वेळी पुरवणीत बालप्रतिभांच्या फोटोंशेजारी अर्धा कॉलम या शाळामास्तरालाही द्या. फोटो मिळेल, म्हातारपणीचाच.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक