प्रभारींच्या भरवशावर पाड्यावरच्या शाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षक भरतीची नवी फेरी जवळ आली की वृत्तपत्रांतली चर्चा जागा किती रिकाम्या आहेत आणि त्यांपैकी किती भरणार, या आकड्यांपाशीच थांबते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि सुरगाणा या आदिवासी तालुक्यांत नोकरीची बरीच वर्षे काढून केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे दहा-एक शाळांच्या केंद्राला मार्गदर्शन करणारा म्हणून, निवृत्त झालेल्या मला या चर्चेत एक माणूस कायम गैरहजर दिसतो. तो म्हणजे नव्या शिक्षकाला हाताशी धरून शाळा उभी करणारा मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख. तो नसेल, तर नाशिक शहरातले मूल आणि सावळ घाटापलीकडच्या पाड्यावरचे मूल यांच्या शिकण्यातले अंतर नुसत्या भरतीने मिटणार नाही, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट १५० च्या वर गेला तरच पूर्णवेळ मुख्याध्यापकाचे पद मिळते. सहावी ते आठवीसाठी हीच अट १०० ची आहे. पाड्यावरची शाळा त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि त्या दोघांत जो ज्येष्ठ तो 'प्रभारी' मुख्याध्यापक. पोषण आहाराचा हिशेब, यू-डायस या सरकारी नोंदणीसाठी शाळेची माहिती, आधारची जुळणी, तालुक्याच्या बैठका हे सगळे उरकून त्याला फळ्यापुढे उभे राहायचे असते. मुळात ही रचनाच अशी आहे की जिथे खमक्या मुख्याध्यापकाची सर्वांत जास्त गरज, तिथे तो कायद्यानेच मिळत नाही.

अशा शाळांना आधार देऊ शकेल असे केंद्रप्रमुखाचे पद राज्यात या कायद्याच्याही आधी, १९९४ मध्ये आले होते. साधारण दहा शाळांमागे एक अनुभवी शिक्षक असावा, त्याने वर्गात बसावे आणि शिकवून दाखवावे, अशी ती कल्पना होती. पुढे ही पदे मोठ्या प्रमाणात रिकामी राहिली आणि एकेकावर दोन-दोन केंद्रांचा कार्यभार पडला. निम्मी पदे पदोन्नतीने आणि निम्मी विभागीय परीक्षेने भरण्याचा निर्णय २०२२ च्या डिसेंबरात झाला खरा, परंतु ती परीक्षा पुढे पुढेच ढकलली गेली. केंद्रप्रमुख आता शाळेत दिसतो तो बहुधा माहिती गोळा करायला. मीही शेवटची दोन वर्षे तेच केले, हे कबूल केले पाहिजे.

माझ्या केंद्रात मराठवाड्यातून एक तरुण शिक्षक रुजू झाला होता. मनापासून शिकवायचा, पण महिनाभरात हताश झाला, कारण पहिलीची मुले तोंडच उघडत नव्हती. मी चार दिवस त्याच्या वर्गात बसलो. मुले घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलत होती आणि गुरुजींची भाषा त्यांना पाठ्यपुस्तकाइतकीच परकी होती. चौथीतल्या एका मुलीला आम्ही दुभाषी केले, तिच्याकडून शब्द लिहून घेतले आणि दिवाळीपर्यंत वर्ग बोलू लागला. दिवाळीनंतर त्यातली निम्मी मुले आईबापांबरोबर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत गेली, ते वेगळेच दुखणे. पुढे तो शिक्षकही, बदलीच्या नियमांत 'अवघड' ठरवलेल्या क्षेत्रातली तीन वर्षे भरताच, बदली घेऊन गेला. त्यात त्याचा दोष नाही. पण त्याने जमवलेली शब्दांची वहीही त्याच्याबरोबरच गेली, आणि नव्याने आलेल्या शिक्षकाला ती कोणी देऊ शकले नाही.

आदिवासी भागात काम करणाऱ्यांना एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी मिळते, ती योग्यच आहे. मात्र नाशिकहून रोज अपडाऊन करणाऱ्याला आणि गावात राहून पहिलीचा वर्ग तिसरीपर्यंत नेणाऱ्याला व्यवस्था एकाच मापाने मोजते. आश्रमशाळांचे चित्र याहून वेगळे नाही. शिक्षकांची पदे बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदारामार्फत, भरण्याच्या विरोधात रोजंदारी कर्मचाऱ्यांनी २०२५ मध्ये येथील आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलन केले, ते नाशिककरांनी पाहिलेच आहे. ठेकेदारामार्फत आलेला शिक्षक पुढच्या जूनमध्ये असेल की नाही, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की, भरती पोर्टलवरून नवे शिक्षक येण्याआधी घाटातल्या तालुक्यांतील केंद्रप्रमुखांच्या जागा भरण्याचा आग्रह शासनाकडे धरावा. त्यासाठी निवड करताना लेखी गुणांबरोबर त्या भागात केलेली सेवा आणि तिथली बोली येणे यांनाही वजन मिळावे. अहवालांचे काम केंद्रात एका डेटा एंट्री ऑपरेटरकडे सोपवावे आणि केंद्रप्रमुखाचे आठवड्यातले किमान तीन दिवस वर्गातच जावेत. डी.एल.एड. ही शिक्षक पदविका झालेली स्थानिक मुले-मुली पाड्यांवर आहेत; त्यांना शिक्षक पात्रता परीक्षेच्या तयारीसाठी तालुक्याच्या ठिकाणीच मार्गदर्शन मिळाले, तर त्यांना खासगी क्लाससाठी नाशिकला येऊन खोली घेण्याचा खर्च करावा लागणार नाही. आणि बदली होणाऱ्या शिक्षकाने कार्यभार सोडताना किल्ल्या आणि दप्तराबरोबर प्रत्येक मुलाला काय येते, काय येत नाही, याची नोंदही पुढच्याच्या हाती द्यावी. या नोंदीला तर वेगळा निधीही लागत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, नाशिक