साहेबांची बदली झाली, कायदा झाला, पण गोळ्या कुठंयत?

मा. संपादक, स.न.वि.वि.

५ सप्टेंबरला दरवर्षी राधाकृष्णन यांच्या जयंतीचा लेख येतो, जरूर छापा, पण त्यांचे नातू केशव देसीराजू ह्याच तारखेला वारले, २०२१ मध्ये, त्यांच्यावर चार ओळी तरी छापा की राव. माणूस आयएएस, १९७८ ची बॅच, उत्तराखंड केडर, पुढे केंद्रात आरोग्य सचिव. मानसिक आरोग्य म्हटलं की फाइल खाली सरकवायची रीत असलेल्या खात्यात ह्यांनी तोच विषय लावून धरला, १९८७ चा जुना मानसिक आरोग्य कायदा बदलायचा म्हणून पेशंट, घरचे, संस्था सगळ्यांचं ऐकून घेतलं, आपल्या पुण्याचे डॉ. सौमित्र पठारे पण मसुद्याच्या कामात होते. २०१३ ला बिल राज्यसभेत आलं आणि फेब्रुवारी २०१४ ला साहेबांची बदली, कुठे तर ग्राहक व्यवहार खात्यात! आरोग्यातला एवढा जाणता माणूस नेऊन डाळ-कांद्याच्या भावावर बसवला. असो. नवा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ला झाला, २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर आधी केस व्हायची, आता कलम ११५ प्रमाणे तो प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची, ही लहान गोष्ट नाही.

पण माझं दुखणं ह्याच कायद्याच्या कलम १८ चं आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की उपचारासाठी पेशंटला लांब जायला लागू नये आणि सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सरकारी दवाखान्यात कायम फुकट मिळावीत. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, तालुक्याला मानसोपचाराचा डॉक्टर नाही म्हणून पहाटेच्या एसटीने जिल्ह्याला, तिथे केसपेपरची रांग, तो रांगेत बसून राहत नाही मग एकाने रांगेत आणि एकाने त्याच्या मागे मागे, आणि नंबर लागला की चिठ्ठीवर एका गोळीपुढे गोल करून देतात, ही बाहेरून घ्या. खिडकीवर कलम १८ चं नाव काढलं तर फार्मसिस्ट म्हणाला आमच्याकडे असलं काही आलेलं नाही. त्याचा तरी काय दोष, वरून माल आला तर तो देणार ना.

तुमचे वार्ताहर तालुक्या-तालुक्यात आहेत. कुठे कुठल्या वारी मानसोपचार ओपीडी असते आणि कुठल्या गोळ्या संपल्यात एवढं जिल्हा पानावर महिन्यातून एकदा छापा.

एक वाचक
(भावामुळे नाव छापू नये)