सादळणं वेगळं, खवट होणं वेगळं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवरात्राच्या आधी आमच्या बचत गटाने इथल्या एका दुकानात चकली-शेवेची ४० पाकिटं ठेवली होती. दसरा झाल्यावर त्यातली ११ परत आली. ‘माल सादळलेला दिला’ ही तक्रार. आम्ही पाकीट फोडलं. चकली कट्‌कन मोडली, पण नाकाशी नेली तर जुनाट तेलाचा उग्र वास. म्हणजे ती सादळली नव्हती, खवट झाली होती. आणि ती पाकिटं दुकानाच्या दारात, दोरीला, भर दुपारच्या ऑक्टोबरच्या उन्हात टांगलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली होती.

सादळतं ते ओलाव्याने. तळताना पिठातलं बहुतेक पाणी वाफ होऊन जातं आणि पिठातला स्टार्च काचेसारखा कडक होतो. म्हणून चकली मोडताना आवाज येतो. हवेतला दमटपणा आत शिरला की ही काच नरम पडते. मे महिन्यात आपल्या मराठवाड्यात शेव रात्रभर ताटात उघडी राहिली तरी कुरकुरीत असते. भाद्रपदात मात्र महालक्ष्म्यांपुढे टांगलेल्या फुलोऱ्यातली पापडी विसर्जनाच्या दिवशी वाकते, मोडत नाही. मिठाचंही तसंच. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढतं, म्हणून खारे शेंगदाणे पावसाळ्यात हाताला ओलसर लागतात.

सादळलेलं टाकून द्यायची गरज नाही. कढईत मंद आचेवर परतायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायचं. घाईने गरम भरलं तर वाफ डब्यातच जिरते आणि केलेली मेहनत वाया जाते. नव्या बायकांना गटात आम्ही हे पहिल्याच दिवशी सांगतो.

खवटपणाला मात्र औषध नाही. तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन तो येतो. ऊन आणि उष्णता त्याला घाई करतात. चिवड्यातलं खोबरं आणि शेंगदाणे तर लवकर वास मारतात. पुन्हा भाजून हा वास जात नाही. मोठ्या कारखान्यांची पाकिटं आतून चंदेरी असतात आणि त्यांत नायट्रोजन भरतात, ते उजेड आणि प्राणवायू दूर ठेवायला. लोकांना वाटतं, हवा भरून फसवतात. पण ती हवा कामाची असते. आमची साधी पारदर्शक पिशवी ओलावा बऱ्यापैकी अडवते, ऊन अडवत नाही.

आमच्या पाकिटांवरची तारीख बारीक होती, ती आता ठळक छापतो. दुकानदार बंधूंना कळकळीची विनंती आहे की आमच्यासारख्यांचा माल दारात टांगू नका, आतल्या सावलीच्या फळीवर ठेवा. दिवाळी तोंडावर आहे, गावोगावच्या गटांचा फराळ बाजारात येईल. तो परत करण्याआधी एक चकली मोडून बघा, वास घ्या आणि नेमकं काय बिघडलं ते आम्हाला सांगा.

– बचत गटातील एक सदस्य, परभणी